न हलणाऱ्या पंख्याची वीज

माझे भावजी ज्या कामाचा पगार घेतात ते काम नीट झालं की दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ते धुलाईच्या कारखान्यात फिटर आहेत. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, उशांचे अभ्रे असं सगळं आमच्याकडे ढिगांनी येतं, मोठमोठ्या ड्रममध्ये घुसळून निघतं, गरम दालनात वाळतं आणि घड्या होऊन परत जातं. या सगळ्या यंत्रांचा स्वभाव एकच. चालू केलं की त्यांना थरथरायचं असतं. आणि भावजींना ते खपत नाही. यंत्र गप्प बसेपर्यंत ते त्याच्या मागे लागतात आणि स्वतःही तोंड उघडत नाहीत, म्हणून कारखान्यात त्यांना चिडीचूप म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. त्यावरही ते कधी काही बोललेले नाहीत.

मी त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळतो, म्हणजे बोल्ट मागायला आलेल्या माणसाला बोल्ट शिल्लक नाही असं सांगतो. ही नोकरी मला भावजींनीच लावली, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क मी राखून ठेवला आहे. माणूस चांगला आहे, पण त्याच्याबरोबर चहाला बसणं ही शिक्षा आहे. ते ग्लास टेबलावर ठेवत नाहीत. चालू यंत्राच्या पायावर ठेवतात आणि चहात वाकून बघतात. चहा स्थिर असला तर पितात. त्यावर बारीक वर्तुळं उठली तर ग्लास तिथेच सोडून पाना आणायला जातात. मग तो चहा मी पितो.

घरीही तेच. मिक्सर घडी घातलेल्या टॉवेलवर, फ्रिज रबराच्या तुकड्यांवर, दारांच्या बिजागऱ्यांना दर महिन्याला तेल. टिकटिक करणारं घड्याळ त्यांनी माझ्याच घरी आणून लावलं, आणि देताना असा चेहरा केला की जणू मला भेट मिळाली. ताई म्हणते, "या घरात आवाज करणारी एकच वस्तू उरलीय, ती मी. माझ्याखाली काय घालावं ते त्यांना अजून सुचलेलं नाही." त्यांची एकुलती एक मुलगी मात्र आईवर गेली. ती बोलायला लागली तेव्हापासून थांबलेली नाही, आणि भावजी तिच्याकडे असे बघत राहतात की या एका आवाजाबद्दल त्यांची काही तक्रार नाही, हे आंधळ्यालाही कळावं.

आता पंख्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या पंख्यामुळे झालं. वाळवणीच्या दालनातली गरम दमट हवा बाहेर खेचायला माणसापेक्षा उंच असा एक पंखा आहे. तो पत्र्याच्या घरात बंद असतो आणि दिवसभर फिरतो. टॉवेलांचे तंतू उडून त्याच्या पात्यांवर बसतात. एका बाजूला जास्त बसले की पंख्याचा तोल जातो, तो डुलायला लागतो आणि सगळं घर हलवतो. म्हणून दर शनिवारी काम बंद झालं की भावजी दार उघडून आत शिरतात आणि एकेक पातं हाताने पुसतात. शिवाय हा पंखा मुळातच एका बाजूला जड होता. भावजींनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी समोरच्या पात्याला बोटाच्या पेराएवढा लोखंडाचा तुकडा दोन स्क्रूंनी बसवून त्याचा तोल साधला. तेव्हापासून तो इतका शांत फिरतो की नवीन माणूस बंद आहे समजून त्याच्या दाराला टेकतो.

भाची शिकून इंजिनीअर झाली आणि चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली. तिथे तिने जे यंत्र बनवलं ते मला तिने जेवणाच्या ताटावर समजावून सांगितलं. "मामा, गॅस पेटवायचा लायटर असतो ना, त्यात सेल नसतो, वायर नसते. खटका दाबला की आतल्या एका खड्यावर दणका बसतो आणि वीज निघते. माझ्या पट्टीवर तसल्याच पदार्थाचा पातळ थर आहे. फक्त दणक्याऐवजी ती वाकवायची. वाकली की वीज, सरळ झाली की वीज." आणि वाकवणार कोण, तर यंत्राची थरथर. पट्टीचं एक टोक यंत्राला पक्कं, दुसरं मोकळं, मोकळ्या टोकाला छोटंसं वजन. यंत्र थरथरलं की टोक वरखाली नाचतं, वीज थेंबाथेंबाने साठते आणि त्या विजेवर एक डबी यंत्र किती तापलंय, किती हलतंय ते बिनतारी कळवत राहते. सेल बदलायला कुणी शिडी लावून चढायला नको. मी म्हटलं, म्हणजे तुझ्या बापाने आयुष्यभर जे फुकट घालवलं त्यावर तू दिवा लावणार. ताई हसली. भावजी ताटात बघत होते.

कंपनीच्या मालकांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. एखाद्या खऱ्या कारखान्यात महिनाभर ही पट्टी आपल्या आपण जिवंत राहिली तर ती बाजारात जाईल. नाही राहिली तर हे काम बंद, आणि या कामासाठीच तिला घेतलं होतं, तेव्हा तिचंही काम बंद. तिने आमच्या साहेबांना गाठलं, त्यांनी परवानगी दिली. ती पंख्याची थरथर मोजायला आली तेव्हा भावजी रजेवर होते. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच दोन शनिवार चुकवले होते. पात्यांवर तंतूंची गादी बसली होती आणि पंखा खुशाल डुलत होता. तिने मीटर लावला, आकडे टिपले, खूश होऊन गेली आणि त्या आकड्यांवर पट्टी बेतली.

भावजी रजेवरून परतले तेव्हा त्यांना कळलं की लेकीचं यंत्र आपल्या पंख्यावर बसणार आहे. बघायला पाहुणे येणार असावेत तशी त्यांनी त्या पंख्याची तयारी केली. पाती घासून धुतली. मोटरचा पट्टा नवा घातला. पायाखालची रबरं बदलली, सगळे बोल्ट पुन्हा आवळले. मीसुद्धा त्या आठवड्यात एकाही बोल्टला नाही म्हटलं नाही. ज्या दिवशी पट्टी बसवायची होती त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. भाचीने पट्टी बसवली, पंखा सुरू झाला, आम्ही तिच्या लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत उभे राहिलो. पडदा कोरा तो कोराच.

तिने पत्र्याला हात लावला आणि तिला कळलं.

"बाबा, तुम्ही याला काय केलंत?"

"साफ केला."

"अहो, तो हलायला हवा."

"हलायला नको म्हणून पगार घेतो मी," भावजी म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच होतं. ते रागावून बोलले नव्हते. त्यांना खरंच दुसरं काही सुचलं नव्हतं.

दुसरं यंत्र शोधावं तर कारखान्यातली सगळीच यंत्रं भावजींची, एकाहून एक मुकी. बाहेरच्या दोन कारखान्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. मालकांनी मुदत वाढवायला नकार दिला. मग ती स्वयंपाकघराच्या टेबलावर कानस घेऊन बसली आणि पट्टीच्या टोकाची वजनं घासायला लागली. तिचं म्हणणं असं की झोक्याला वेळेवर धक्का दिला तर लहान मूलही मोठ्या माणसाला उंच झुलवतं. पंख्याची थरथर बारीक असेना का, पट्टीची लय तिच्याशी तंतोतंत जुळली तर पट्टी नाचेल. लय जुळते टोकाच्या वजनाने. म्हणून ती थोडं घासायची, मोजायची, परत घासायची. जेवायला हाक मारली तरी उठायची नाही. बोलायचीही थांबली. घरात कानशीचा तेवढा आवाज, आणि भावजींनी तिला घडी घातलेला टॉवेल आणून दिला नाही, यावरून मी ओळखलं की त्यांना झोप लागत नसणार. लेकीची नोकरी जाणार आणि ती आपल्या हाताने जाणार, हे त्यांना आतून खात होतं.

एका संध्याकाळी काम बंद व्हायच्या सुमारास तिने नवी पट्टी पंख्यावर बसवली आणि उद्या बघू म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू व्हायच्या आधीच भावजी स्टोअरमध्ये आले आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली. मी फडकं उघडलं. पात्यावरचा लोखंडाचा तुकडा होता, दोन्ही स्क्रूंसकट.

"हे ठेव," ते म्हणाले.

मी काही देवमाणूस नाही, पण हे बरोबर नाही एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, "तिने कालच नवी पट्टी बसवलीय. एक दिवस बघा तरी, कदाचित ती तशीच चालेल."

"आणि नाही चालली तर?"

त्यांनी फडकं परत घेतलं, घडी करून खिशात घातलं आणि गेले. तो तुकडा मी खणात ठेवला.

पट्टी चालली. चालली म्हणजे कशी, मिनिटामिनिटाला आकडे पाठवायला लागली. भाची अख्ख्या दालनात नाचली, घड्या घालणाऱ्या बायकांना मिठ्या मारल्या, मला मारली, आणि मग भावजींना मारली. भावजी खांबासारखे उभे होते. ती सांगत सुटली की शेवटचं वजन तिने कसं केसभरच घासलं आणि लय कशी बरोब्बर जुळली. भावजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढून घेतला. मला त्या दोघांचीही दया आली आणि दोघांचाही राग आला.

पुढचे तीन आठवडे मी एका चांगल्या फिटरला वाईट फिटरचं काम करताना बघितलं. पंखा डुलत होता आणि ते त्याच्याजवळून हलत नव्हते. रोज बेअरिंगला ग्रीस भरायचे, रोज पत्र्याला तळहात लावून उभे राहायचे. शनिवारी पाती पुसायचे, पण पुसून काय होणार. चहा त्यांनी सोडूनच दिला. पंख्याखालच्या दालनात घड्या घालणाऱ्या बायकांपैकी सगळ्यात जुन्या बाई त्यांना येऊन म्हणाल्या की माझ्या टेबलावरची अभ्र्यांची चळत आपोआप सरकत कडेला जाते, दोनदा खाली पडली. भावजी म्हणाले, बघतो. बाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, चिडीचूपची तब्येत बरी आहे ना, ते बघतो म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

महिना भरायच्या सुमारास कंपनीचे मालक बघायला आले. आमचे साहेब सोबत. लॅपटॉप एका टेबलावर मांडला होता, त्याच्याभोवती आम्ही सगळे. आकडे येत होते आणि चांगलेच येत होते. इतके चांगले की हलण्याचा आकडा रोज थोडा वर चढलेला दिसत होता, आणि दोन दिवसांपासून बेअरिंगचं तापमानही. पट्टी जे सांगण्यासाठी बनवली होती तेच सांगत होती. मालकांचा चेहरा खुलला. याहून मोठा पुरावा काय हवा, म्हणाले, यंत्र बिघडायच्या आधी पट्टीने पकडलं. साहेबही खूश झाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बिघडलेलं यंत्र आपलं आहे. ते भावजींकडे वळले. तुमच्या पंख्याचं बेअरिंग जायला लागलंय आणि तुम्हाला पत्ता नाही, असं म्हणाले. वयाबद्दल काहीतरी म्हणाले. नवीन माणूस बघायला हवा, असंही म्हणाले, अगदी सौम्यपणे, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

"माझ्याकडून राहून गेलं," भावजी म्हणाले.

शांतपणे म्हणाले, एखादा माणूस रोज म्हणतो तसं. इतक्या वर्षांचं नाव त्यांनी त्या टेबलावर ठेवलं आणि एक पाऊल मागे सरकले. मालकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं, पण मी बोलायच्या आधी माझं लक्ष भाचीकडे गेलं. तिचं हसू थांबलं होतं. बाबांकडून काही राहून जाणं म्हणजे काय, हे त्या घरात वाढलेल्या पोरीला कुणी सांगायला नको होतं.

तिने पंखा बंद करायला लावला. तो पूर्ण थांबेपर्यंत ती दाराशी उभी राहिली. मग दार उघडून ती टॉर्च घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या बोटाला काळं लागलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "एका पात्यावर दोन रिकामी भोकं आहेत. स्टोअरमध्ये लोखंडाचा तुकडा आलाय का?"

मी जाऊन आणला. साहेब विचारत होते की काय चाललंय. ती म्हणाली की पट्टीचे आतापर्यंतचे आकडे धरू नका, पंख्याचा तोल मुद्दाम घालवलेला होता. कुणी घालवला ते ती बोलली नाही, पण तिथे उभ्या असलेल्यांत तेवढं न कळण्याइतकं कुणी मूर्ख नव्हतं. भावजी पुढे झाले, तिच्या हातून तुकडा घ्यायला. तिने दिला नाही. स्वतः आत जाऊन दोन्ही स्क्रू आवळले, पंखा सुरू करायला लावला आणि पत्र्याला मीटर लावला. आकडा जवळजवळ शून्यावर आला होता. बेअरिंगची थोडी कुरकुर होती, तेवढीच.

आम्ही पडद्याकडे बघत बसलो. पडदा कोरा. मालकांनी एकदा घड्याळ बघितलं, मग दुसऱ्यांदा बघितलं. साहेबांनी चहा मागवला, तो आला, प्यायलाही गेला. भाची हाताची घडी घालून उभी होती आणि तिचा खालचा ओठ दातांत होता. मालक म्हणाले की तुझी मेहनत दिसतेय, पण. आणि त्या पणच्या पुढे ते काही म्हणणार तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटली. तापमान एवढं, हलणं जवळजवळ नाही. मग परत सगळं कोरं. बऱ्याच वेळाने दुसरी ओळ आली.

म्हणजे पट्टी त्या मुक्या पंख्यावरही जगत होती. मिनिटामिनिटाला बोलण्याइतकी वीज तिच्याकडे नव्हती, पण थोडी थोडी साठवून अधूनमधून एक वाक्य बोलण्याइतकी होती. मालकांनी बराच वेळ हनुवटी खाजवली. बेअरिंग काही एका मिनिटात जात नाही, तासाला एक ओळ आली तरी पुरे, असं शेवटी त्यांचंच म्हणणं पडलं. जुने आकडे रद्द, महिना उद्यापासून नव्याने सुरू. भाचीने मान हलवली. ती आनंदली नाही.

साहेबांनी भावजींना केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. विसरणारा फिटर परवडला, मुद्दाम बिघडवणारा नको, एवढं मला बाहेर ऐकू आलं. नोकरी राहिली. पंख्याच्या दाराची किल्ली मात्र त्यांच्याकडून काढून घेतली आणि माझ्याकडे दिली. आता शनिवारी पाती पुसायला ते माझ्याकडे किल्ली मागतात आणि मी उठून सोबत जातो, कारण तसा हुकूम आहे. पहिल्यांदा ती किल्ली त्यांच्या हातात देताना मला माझीच लाज वाटली.

भाची चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्या घरात हे लक्षात यायलाच दोन दिवस गेले, असं ताई म्हणते. रविवारी दुपारी मी जेवायला गेलो होतो. भावजींनी सकाळीच मला सोबत घेऊन कारखान्यात नवीन बेअरिंग बसवलं होतं, नखांत अजून ग्रीस होतं. जेवता जेवता त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"कमी हलणाऱ्यावरही चालते, हे मला आधी सांगायचंस," ते म्हणाले.

"मला तरी कुठे माहीत होतं?" भाची म्हणाली. "मला कळायच्या आत तुम्ही वजन काढलंत."

"तुझी नोकरी जाऊ नये म्हणून."

"गेली असती तर माझी गेली असती, बाबा. माझी पट्टी नाही चालली, असं झालं असतं. दुसरी केली असती. तीन आठवडे मी लोकांना सांगत फिरले की माझ्यामुळे चाललं. ते खरं होतं की खोटं, हे मला तुम्ही कळूच दिलं नाहीत."

ताई वाढायची थांबली. भावजींनी हातातला घास ताटात ठेवला. साहेबांसमोर, चार माणसांत, न केलेली चूक ते एका दमात कबूल करून मोकळे झाले होते. इथे आपलीच माणसं होती आणि चूक खरी होती. त्यांची मान आधी खाली गेली, मग ते तिच्याकडे बघू लागले.

"चुकलो," ते म्हणाले.

भाची रडायला लागली. रडतच म्हणाली की माझंही चुकलं, मी पहिल्याच दिवशी मीटर लावून बघायला हवं होतं. "पण तुमचं मशीन होतं ना. त्याला कशाला मीटर लावायचा, असं वाटलं मला." हे ऐकून भावजींचेही डोळे भरले. तसे मी त्यांना कधीच बघितले नव्हते, ताईच्या ऑपरेशनच्या वेळीही नाही.

नवा महिना अजून चालू आहे. भावजी रोज सकाळी पंख्यासमोर येतात, लॅपटॉपपासून दोन हात लांब उभे राहतात आणि हात पाठीमागे धरतात. पडदा कधीकधी फार वेळ कोरा राहतो. तेव्हा त्यांची पाठीमागची बोटं एकमेकांत घट्ट आवळली जातात, नखं पांढरी पडतात. पण पुढची ओळ येईपर्यंत ते तिथून पुढे पाऊल टाकत नाहीत.